शिव्या, शपथा आणि ‘प्रार्थनेसाठी कळवतोय’: तरुण संघात बोलण्याच्या शुद्धतेवर काय आणि कसं घ्यावं?

ऐरोली_तरुणसंघ

सर्वांना जय ख्रिस्त.

ईस्टरआधीच्या येत्या उपवासकाळात आमच्या गटात बोलण्याची शुद्धता हा विषय घ्यायचा आहे. मुलं-मुली १४ ते २२ वयाची, एकूण चौदा. सात कॅथलिक, चार सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), तीन पेंटेकोस्टल मंडळीतली. काही जण गोठिवली-घणसोलीच्या गावठाणात वाढलेले, त्यामुळे बोलण्याला आगरी वळण आहे.

‘शिव्या देऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. मुलं विचारतात, ‘च्यायला’ ही शिवी की नुसता उद्गार? ‘साला’ तर सगळीकडे ऐकू येतं, मग त्यात काय वाईट? ‘आईशप्पथ’, ‘देवाच्यान’ म्हणणं दहा आज्ञांविरुद्ध आहे का? असेल तर कोर्टात प्रतिज्ञापत्र करताना ख्रिस्ती माणसाने काय करायचं? एका पालकांचं म्हणणं की मुलांची भाषाच अशुद्ध आहे, मोठ्यांना ‘तू’ म्हणतात, आधी ते सुधारा. गेल्या वर्षी दंडाचा डबा ठेवला होता, एका शिवीला पाच रुपये. महिन्याभरात बंद पडला. आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थनेच्या नावाखाली एकेकाच्या घरातलं जे बाहेर येतं, ते मुलं वाचतातच.

झावळ्यांच्या रविवारापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारापर्यंत, पाच रविवार मिळतात, दर वेळी पाऊण तास. वचनं आमच्याकडे आहेत. ती मुलांच्या रोजच्या बोलण्याला लावायची कशी, ते सांगा.

नेरूळ_वचनवाचन

सुरुवात इफिसकरांस पत्रातल्या ४:२९ ने करा. मराठी बायबलात तिथे ‘कुजके भाषण’ असे शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. मूळ ग्रीक शब्द ‘साप्रोस’. हाच शब्द मत्तय १३:४८ मध्ये मासळीसाठी आला आहे. जाळं काठावर ओढल्यावर कोळी बसून निवडतात, चांगली मासळी भांड्यात भरतात आणि ‘साप्रा’ फेकून देतात. आता ही मासळी नुकतीच पाण्यातून काढलेली, ती सडलेली कशी असेल? म्हणजे या शब्दात सडलेलं तर येतंच, शिवाय कामाला न येणारंही येतं. तुमच्या गटातल्या ज्या मुलांनी खाडीकाठी जाळं रिकामं झाल्यावरची निवड पाहिली आहे, त्यांनाच हे समजावून सांगायला लावा.

त्याच वचनात पौल, हे पत्र लिहिणारा प्रेषित, कसोटीही देतो: बोलण्याची गरज काय होती, आणि ऐकणाऱ्याची उभारणी झाली का? या कसोटीला अगदी स्वच्छ वाक्यही उतरत नाही. ‘तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची!’ यात एकही वाईट शब्द नाही. पण दहावीला गणितात राहिलेल्या मुलाला चार पाहुण्यांसमोर हे ऐकवलं, तर ते कुजकंच. आईवडिलांनाही एका रविवारी बोलवा असं सुचवेन, कारण असं बोलणं घरात जास्त आढळतं.

मग त्याच पत्रातलं ५:४ घ्या. तिथे एका ओळीत तीन प्रकार आहेत: अमंगळपणा, मूर्खपणाची बडबड आणि तिसरा ग्रीक शब्द ‘युत्रापेलिया’. हा मुळात चांगला शब्द. चटकन वळणारी बुद्धी, हजरजबाबीपणा असा त्याचा अर्थ. ॲरिस्टॉटलने तर तो सद्‌गुणांत धरला आहे. पौल मात्र तो वाईट अर्थाने वापरतो, म्हणजे साध्या वाक्याला चावट अर्थाकडे वळवणारी चलाखी. मुलांना द्व्यर्थी विनोद लगेच कळेल. हसणं पाप आहे असा अर्थ कुणी काढला तर तिथेच थांबवा. पौलाने या तिन्हींच्या जागी उपकारस्तुती सुचवली आहे, उदास चेहरा सुचवलेला नाही.

‘नुसती गंमत केली’ हे उत्तर हमखास येईल. त्यासाठी नीतिसूत्रे २६:१८-१९ तयार ठेवा. शेजाऱ्याला फसवून ‘मी थट्टा करत होतो’ म्हणणाऱ्याला तिथे जळते बाण फेकणाऱ्या वेड्याची उपमा दिली आहे.

आणि एक गोष्ट टाळू नका. जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून, प्रांतावरून मारलेले टोमणे. मत्तय ५:२२ मधला ‘राका’ हा अरामी शब्द म्हणजे रिकाम्या डोक्याचा. अश्लील मुळीच नाही, तरी प्रभू त्यावर एवढं कडक बोलतो, कारण त्या शब्दाने समोरचा माणूस मोडीत काढला जातो. याकोब ३:९ मध्ये कारण सांगितलंच आहे: ज्या जिभेने देवाची स्तुती, तिनेच देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप. आपल्या कितीतरी घराण्यांनी जातीच्या नावाची शिवी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. तीच आपल्या मुलांच्या तोंडी दुसऱ्यासाठी येत असेल, तर ‘च्यायला’च्या आधी ती काढा.

शब्दवाला_कळवा

पालकांचा मुद्दा आधी सोडवतो, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. शुद्ध भाषा म्हणजे शाळेतली प्रमाण मराठी. शुद्ध वाणी ही वेगळीच गोष्ट. आगरी-कोळी बोलीत आयस-बापसाला ‘तू’ म्हणतात, त्यात अनादराचा लवलेश नसतो. प्रमाण मराठीतही आईला आणि देवाला आपण ‘तू’च म्हणतो. प्रभूची प्रार्थना घ्या: ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’. तिथे ‘आपले नाव’ नाही. जी भाषा थेट स्वर्गातल्या पित्यापुढे चालते, ती बापसापुढे अशुद्ध कशी ठरेल?

याहून चांगलं उदाहरण मत्तयाच्या २६ व्या अध्यायात आहे. येशूला पकडून नेल्यावर महायाजकाच्या अंगणात लोक त्याच्या शिष्याला, पेत्राला, म्हणतात, तू त्यांच्यातलाच, तुझी बोलीच सांगते. त्याचा गालीली हेल यरुशलेमकरांनी ओळखला. हे ७३ वं वचन. पुढच्याच ७४ व्या वचनात पेत्र शाप देऊ लागतो आणि शपथ घेऊन म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. बोली आणि शाप अगदी शेजारी शेजारी. कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला, तो हेलासाठी नव्हे. मुलांना ही दोन वचनं लागोपाठ वाचायला लावा आणि विचारा, पेत्राने यातलं काय सुधारायला हवं होतं?

आता शब्द. ‘आयला’ आणि ‘च्यायला’ दोन्ही ‘तुझ्या आईला…’ या अर्धवट वाक्याचे तुकडे. पुढचं क्रियापद गळलं, पण आई राहिली. ‘साला’ हिंदीतून आलं, मूळ संस्कृत ‘श्याल’ म्हणजे बायकोचा भाऊ. नातं सांगताना मराठीत साळा किंवा मेहुणा म्हणतो. तोच शब्द परक्या माणसाला लावला की अर्थ होतो, तुझी बहीण माझ्याकडे आहे. म्हणजे भांडण दोन पुरुषांचं आणि बोट घरातल्या बाईकडे. आपल्या बहुतेक शिव्यांची घडण हीच आहे. हे मुलींसमोर स्पष्ट बोला, त्यांना ते आधीपासून कळतच असतं.

‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘तुझं वाटोळं होवो’, ‘तळपट होवो’ ही दुसरी घडण. या शिव्या नव्हेत, हे शाप. ‘मेला’ मायेनेही म्हणतात, ‘मेलं हे काम’ असंही म्हणतात, तेवढं सोडून द्या. पण रागात दिलेला शाप म्हणजे उलटी प्रार्थना, हे प्रार्थना करणाऱ्या माणसाला निराळं समजवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ‘रांडेच्या’ या शब्दावर द्यावा असं वाटतं. ‘रांड’ म्हणजे आधी विधवा; ‘रंडकी’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला समाजाने जो संशय आणला, त्यातून पुढचा अर्थ चिकटला. आता याकोबाच्या पहिल्या अध्यायाची शेवटची दोन वचनं काढा. २६ व्या वचनात, जो जिभेला लगाम घालत नाही त्याचं धर्माचरण व्यर्थ. २७ व्या वचनात, देवापुढे शुद्ध आणि निर्मळ धर्माचरण कोणतं? अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं. जीभ, शुद्धता आणि विधवा दोन ओळींत एकत्र आहेत. मराठी ख्रिस्ती माणूस ‘रांडेच्या’ म्हणतो तेव्हा तो या दोन्ही वचनांवर एकदम पाय देतो. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की तो शब्द घशातच अडतो.

व्युत्पत्ती फार ताणूही नये. ‘हात्तिच्या’ मध्येही ‘तिच्या’ नंतरचं काहीतरी गळलेलं दिसतं, पण आज ते कुणाच्या कानाला तसं लागत नाही. असे शब्द उकरून मुलांच्या मनात नवी घाण भरू नका. ऐकणाऱ्याला आज काय ऐकू येतं, तेच धरायचं.

ठाणे_कॅटेकिस्ट

सवय मोडायच्या बाजूने लिहितो. आधी दंडाचा डबा का बंद पडला ते पाहू. पैसे भरले की हिशोब मिटला असं वाटतं, म्हणजे दंड हा परवान्याचा भाव होतो. मुलं एकमेकांवर पहारा करू लागतात, आणि ‘तू आत्ता काय म्हणालास’ या भांडणात तोच शब्द आणखी चार वेळा उच्चारला जातो. शिवाय मराठी शिवी महाग पडली की मुलं इंग्रजी शिवीवर जातात. शब्द बदलला, राग तोच राहिला.

याऐवजी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतली ‘विशेष तपासणी’ वापरा. या साधनेला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली आणि पद्धत आजही जशीच्या तशी चालते. पेंटेकोस्टल मुलांनाही अडचण येऊ नये, हातात फक्त वही लागते. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी उठताक्षणी ठरवायचं, आज या एका गोष्टीवर लक्ष. दुपारच्या जेवणानंतर पहिली तपासणी: उठल्यापासून आतापर्यंतचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसरी तपासणी, ठिपके खालच्या रेघेवर. दिवसाला दोन रेघा, आठवड्याला चौदा. रात्री खालची रेघ वरच्या रेघेशी ताडायची, दुसऱ्या दिवशी आजची कालशी, रविवारी हा आठवडा मागच्या आठवड्याशी. आणि चूक झाली त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. इग्नेशियस म्हणतात, हे चारचौघांतही करता येतं, कुणाच्या लक्षात येत नाही.

यात तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, मुलं एकदम पाच दोष घेतात आणि तिसऱ्या दिवशी वही बंद. एकच दोष आणि किमान पूर्ण आठवडा, हे पक्कं धरा. दुसरी, पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात आणि मुलं हिरमुसतात. खरं तर चुका वाढलेल्या नसतात, आधी ऐकू न येणारं आता कानाला ऐकू येऊ लागलेलं असतं. हे आधीच सांगून ठेवा. तिसरी, वह्या एकमेकांना दाखवल्या जातात. वही गुपित राहिली पाहिजे. रविवारी फक्त एवढंच विचारा: कुठल्या जागी आणि कुठल्या वेळी ठिपके जास्त पडले?

उत्तरात शब्द येत नाही, जागा येते आणि खरं काम तिथेच असतं. रिक्षाची रांग मोडली गेली, मोबाइल गेममध्ये हेडफोनवर हरलो, ठाणे-वाशी लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कुणी रेटलं. अशी जागा कळली की तिथलं वाक्य आधी तयार ठेवायचं आणि घरी मोठ्याने म्हणून पाहायचं. चौथ्या सीटचंच घ्या. तोंडात येणारं वाक्य: ‘ए साल्या, दिसत नाही का?’ तयार ठेवायचं वाक्य: ‘दादा, थोडं सरकता का? पाय अडकलाय.’ दुसऱ्या वाक्यात हाक आहे, मागणी आहे आणि कारण आहे. पहिल्यात यातलं काहीच नाही, म्हणून समोरचाही शिवीच परत करतो. नीतिसूत्रे १५:१ मधलं ‘मृदू उत्तर’ ते हेच. मृदू म्हणजे पडखाऊ नव्हे, त्यात मागणी असू शकते.

नुसत्या उद्गारासाठी तितक्याच लांबीचा आणि तितकाच ठसकेदार शब्द द्या, नाहीतर जीभ जुन्यावर घसरते: अरेच्चा, बापरे, छे, कमाल आहे. ‘जीझस!’ किंवा ‘ओ गॉड!’ हे त्या जागी देऊ नका. ‘अरे देवा’ बद्दल मुलं विचारतील. खरंच देवाला हाक असेल तर ती छोटी प्रार्थनाच. दूध उतू गेलं म्हणून सवयीने निघत असेल तर ते नाव पोकळ वापरणं झालं. ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको’ या आज्ञेतल्या ‘व्यर्थ’ साठी मूळ हिब्रू शब्द ‘शाव्‌’ आहे, त्याचा अर्थ पोकळ, खोटं.

इथे एक खबरदारी. ही आज्ञा कॅथलिक क्रमाने दुसरी आणि सीएनआय, पेंटेकोस्टल क्रमाने तिसरी. खोट्या साक्षीची आज्ञा कॅथलिकांत आठवी, बाकीच्यांत नववी. आज्ञा त्याच, विभागणी वेगळी. तुमच्या मिश्र गटात ‘तिसरी आज्ञा’ म्हणालात तर निम्म्या मुलांना शब्बाथाची, म्हणजे विश्रामदिनाची, आज्ञा ऐकू येईल. निर्गम २०:७ असाच उल्लेख करा.

कॅथलिक मुलांकडे एक खूण आयती आहे. शुभवर्तमान वाचण्यापूर्वी कपाळ, ओठ आणि छाती यांवर अंगठ्याने लहान क्रूस काढतो. ओठांवरचा तो क्रूस बहुतेक जण घाईत उरकतात. या पाच आठवड्यांत तो सावकाश काढायला सांगा आणि सोबत स्तोत्र १४१:३ मनात म्हणायला: माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. इतर मुलांनी घरातून निघताना चपला घालता घालता हेच वचन म्हणावं.

ऐरोली_तरुणसंघ

ठिपक्यांची वही नक्की घेतो, आणि पेत्राची दोन वचनं दुसऱ्या रविवारी. दोन गोष्टी राहिल्या. शपथेचं काय? माझ्या गटातला एक जण महाविद्यालयाच्या कामासाठी प्रतिज्ञापत्र करायला गेला होता, ‘शपथेवर’ हा शब्द पाहून अडून बसला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रार्थनाविनंत्यांवर मोठ्यांना न दुखावता काय सांगू?

नेरूळ_वचनवाचन

शपथेबद्दल मत्तय ५:३३-३७ पूर्ण वाचा, मधेच तोडू नका. त्या काळी लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमची, डोक्याची शपथ घेत. देवाचं नाव थेट न घेता जोर आणायची ती युक्ती होती. ‘आईशप्पथ’, ‘गळ्याशप्पथ’, ‘देवाच्यान’ ही आपली तीच यादी. प्रभूचा मुद्दा असा की शपथेवरचं बोलणं खरं आणि बाकीचं सैल, असे दोन दर्जे ठेवू नका. म्हणून या धड्याची परीक्षा कोर्टात होत नाही, फोनवर होते. अजून घरातून निघायचंय आणि ‘आलोच, रबाळे स्टेशनला आहे’ असं म्हणणारा कधी शपथ घेत नसेल, तरी त्याचं ‘होय’ हे ‘होय’ नाही. मुलांना एक आठवडा फक्त वेळ खरी सांगायचा नेम द्या. ‘वीस मिनिटं लागतील’ म्हणणं केवढं जड जातं ते कळेल.

कोर्टाच्या शपथेवर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत आणि ती तशीच सांगा. कॅथलिक शिकवण गंभीर आणि योग्य कारणासाठी, जसं न्यायालयात, शपथ घ्यायला मुभा देते. अँग्लिकन परंपरेच्या ३९ कलमांतलं शेवटचं कलमही तेच म्हणतं. आधार असा की खुद्द प्रभूने महायाजकाने शपथ घातल्यावर उत्तर दिलं, मत्तय २६:६३-६४, आणि पौलही २ करिंथ १:२३ मध्ये देवाला साक्षी ठेवतो. क्वेकर आणि मेनोनाइट हे प्रोटेस्टंट पंथ मात्र कुठलीच शपथ घेत नाहीत.

ज्याचं मन घेत नाही त्याला कायद्यात वाट आहे. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ५ प्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. मराठी मसुद्यात ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ च्या जागी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असं येतं. प्रतिज्ञापत्रातही हाच शब्दप्रयोग चालतो. टायपिंग करणाऱ्याला मजकूर छापण्याआधी सांगा, छापून झाल्यावर बदलणं म्हणजे नवा कागद. खरं बोलण्याची कायदेशीर जबाबदारी दोन्हींत सारखीच, त्यामुळे यातून सुटका होते असं कुणी समजू नये.

कोपरखैरणे_महिलामंडळ

व्हॉट्सअ‍ॅपचं मी सांगते, कारण हे बहुधा आम्हा बायकांवरच ढकललं जातं, आणि पुरुषांच्या ग्रुपवरही तेवढंच चालतं.

नेहमी येतो तो संदेश असा: ‘सर्वांनी प्रार्थना करा. आपल्या अमुक ताईंच्या मुलाचं परत पिणं सुरू झालंय. काल रात्री दोनला आला, सूनबाई माहेरी गेली. कुणाला सांगू नका.’ आता यातलं प्रार्थनेला काय लागतं ते मोजा. देवाला रात्रीचे दोन वाजले हे कळवायची गरज नाही, सून कुठे गेली तेही त्याला माहीत आहे. हे तपशील देवासाठी नसून वाचणाऱ्यांसाठी आहेत. हाच संदेश असा लिहिता येतो: ‘मंडळीतल्या एका घरासाठी प्रार्थना हवी आहे. व्यसनातून सुटका आणि घरात शांती मिळावी.’ नाव, वेळ, सून, तिन्ही गेलं. प्रार्थनेतून काहीही कमी झालं नाही.

आमच्याकडे नियम असा की नाव घालायचं तर त्या व्यक्तीची परवानगी पाठवणाऱ्याने आधी स्वतः घ्यायची. ‘त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं’ ही परवानगी नव्हे. आजाराचं नाव, पगार, लग्न मोडल्याचं कारण, पोलिसांचं काही, हे नावासकट कधीच नाही. दुसऱ्या ग्रुपवरून आलेली विनंती पुढे ढकलायची नाही, कारण परवानगी त्या ग्रुपपुरती असते. चुकून पडलंच तर अ‍ॅडमिनने टीका न करता संदेश सगळ्यांसाठी काढायचा आणि पाठवणाऱ्या ताईंना खाजगीत फोन करायचा. ग्रुपवरच झापलं की त्या एका संदेशावर दहा उत्तरं येतात आणि ज्याने वाचलं नव्हतं तोही वर जाऊन शोधतो.

‘पण मी खोटं थोडंच सांगतेय?’ हे उत्तर मोठ्यांकडून येणारच. ठाणे_कॅटेकिस्ट दादा, तुमच्याकडची तीन प्रकारांची विभागणी इथे सांगा, ती आम्हालाही फार कामी येते.

एक अपवाद मात्र मुलांना ठळक सांगा. लहान मुलावर अत्याचार, घरात मारहाण, असं काही कळलं तर गप्प बसणं ही शुद्धता नव्हे. ते ग्रुपवर टाकायचं नाही आणि ‘चहाडी नको’ म्हणून दडवायचंही नाही. मदतीसाठी फोन: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, मग ती माणसं मंडळीतली असोत की घरातली.

ठाणे_कॅटेकिस्ट

ताई, सांगतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २४७७. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनात खरा धरणं हा घाईचा न्याय. यात तोंड उघडावंही लागत नाही. दोष खरा आहे, पण योग्य कारण नसताना तो माहीत नसलेल्यांना सांगणं, ही उणीदुणी चव्हाट्यावर आणणं. आणि खोटं सांगून नाव खराब करणं ही बदनामी. ‘खोटं थोडंच सांगतेय’ म्हणणारी व्यक्ती तिसऱ्यातून सुटते आणि दुसऱ्यात सापडते. ताईंनी सांगितलेला १०९८ चा अपवाद या व्याख्येतच आहे, कारण तिथे सांगण्याचं योग्य कारण असतं.

भरपाई कशी करायची ते मुलांना शिकवाच, परिच्छेद २४८७ ती बंधनकारक मानतो. पापनिवेदन केलं म्हणून ती टळत नाही. खोटं पसरवलं असेल तर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे परत जाऊन ‘मी सांगितलं ते खरं नव्हतं’ एवढं म्हणायचं. खरा दोष उघड केला असेल तर काम अवघड होतं, कारण ‘ते खोटं होतं’ म्हणता येत नाही, तेच नवं खोटं होईल. तिथे ‘मी ते सांगायला नको होतं, कृपा करून पुढे नेऊ नका’ असं ऐकणाऱ्याला म्हणायचं, आणि त्या व्यक्तीचं जे खरोखर चांगलं ठाऊक आहे ते त्याच माणसांसमोर बोलायचं.

शिवीची माफीही शब्दासकट शिकवा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. त्याऐवजी: ‘काल टर्फवर सगळ्यांसमोर मी तुझ्या आईवरून बोललो. ते चुकीचं होतं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच मागे घेतो.’ केलेलं नेमकं सांगायचं, ‘पण तूही…’ जोडायचं नाही, आणि जितक्या माणसांपुढे अपमान तितक्यांपुढे माफी. दुखावणारी गोष्ट दोघांतच घडली असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे दोघांतच, एकांतात. पाचव्या रविवारी मुलांना जोड्यांनी बसवून हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्यांदा बहुतेक जण हसतील. हसू द्या, आणि पुन्हा म्हणायला लावा.

ऐरोली_तरुणसंघ

पाचवा रविवार ठरला. अजून एक: वर्गातच कुणाच्या तोंडून शिवी निसटली तर तिथल्या तिथे टोकावं का?

शब्दवाला_कळवा

नाही. तो शब्द तुम्हीही परत उच्चारू नका. वर्ग चालू ठेवा, त्याच्याकडे बघून स्वतःचा हात छातीवर ठेवा. त्याला खूण कळेल, शेजारच्याला कळणार नाही, आणि रात्री वहीत ठिपका तो स्वतःच देईल.